धुतलेला कोट

माघारी सगळे आपल्याला फिनेलबाई म्हणतात हे सिस्टरना पक्कं ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर त्यांना त्याचा जरा अभिमानच होता. उभी नोकरी ऑपरेशनच्या खोलीत गेलेली. रिटायर झाल्या म्हणून काय झालं, हात धुतल्याशिवाय त्या स्वतःच्या नातवालाही उचलत नसत आणि दुसऱ्या कुणाला उचलू देत नसत. यजमान म्हणायचे, “आमच्याकडे साक्षात देव आला ना, तरी ही त्याला आधी मोरीत पाठवेल.” त्यावर सिस्टर म्हणायच्या, “मग? पाय कुठे कुठे फिरवून आणलेले असतात त्याने, कुणास ठाऊक!”

अशा या बाई दर रविवारी सकाळी बंद पडलेल्या टॉकीजच्या पायऱ्यांवर बसून रस्त्यावरच्या माणसांचे पाय धुवायच्या. तिथे तिघांचा कारभार चाले. तपासायला एक डॉक्टर, वयाने सिस्टरच्या मुलाएवढे. केस कापायला एक न्हावी, आपलं दुकान अर्धा दिवस बंद ठेवून येणारा. आणि जखमा, पट्ट्या, गोळ्या सिस्टरकडे. पगार नाही, पाटी नाही, डोक्यावर छप्पर म्हणजे टॉकीजचा पुढे आलेला सज्जा, तोही गळका. तरी माणसं यायची. ज्यांना कुठल्याच दारात उभं करत नाहीत, त्यांना निदान पायरीवर बसा म्हणणारं कुणीतरी लागतंच की.

या तिघांची एक पद्धत होती. कुणाला मोठ्या इस्पितळात पाठवायचं ठरलं की आधी त्याला उजळायचं. म्हणजे न्हाव्याने डोकं आणि दाढी साफ करायची, पलीकडच्या सार्वजनिक न्हाणीघरात गरम पाण्याने खसखसून आंघोळ घालायची आणि धुतलेले कपडे चढवून मगच न्यायचं. पद्धत अर्थातच सिस्टरची. “मळक्या माणसाला लांबून विचारतात आणि स्वच्छ माणसाला हात लावून बघतात,” त्या म्हणायच्या. “हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही. पण आहे हे असं आहे.” आणि खोटं नव्हतं ते. न उजळता पाठवलेली माणसं दारावरूनच परत यायची, उजळलेल्यांना निदान खाट मिळायची. कितीतरी जणांचा जीव या साबणावर वाचला होता, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही सिस्टरना नावं ठेवाल.

टॉकीजच्या तिकीटखिडकीखाली एक म्हातारं जोडपं राहायचं. खिडकीला जाळी, जाळीवर ‘हाऊसफुल्ल’ची गंजकी पाटी, आणि खाली पुठ्ठे अंथरून यांचा संसार. म्हाताऱ्याच्या अंगात बारा महिने एक जाड काळा कोट आणि छातीपर्यंत आलेली दाढी, म्हणून लोक त्याला तिकीटमास्तर म्हणायचे, पुढे नुसतंच मास्तर. जन्मात कसलेच मास्तर नव्हते बिचारे. बाजारात ओझी वाहायचे. ज्या इमारतीत खोली होती ती इमारतच पाडली आणि सामान घेऊन हे दोघं या आडोशाला आले. मुलगाबिलगा आहे का, असं सिस्टरनी एकदा विचारलं होतं. “आहे की,” असं मास्तर म्हणाले आणि विषय तिथेच संपला.

मास्तर म्हटल्यावर म्हातारी ओघानेच मास्तरीणबाई. कानांनी जवळजवळ ठार बहिरी, आणि डोक्यातून एकेक माणूस पुसलं जात चाललेलं. डॉक्टर तिला दर रविवारी नव्याने भेटायचे. “हा कुणाचा मुलगा गं? गोड आहे,” असं ती सिस्टरना विचारायची, आणि थोड्या वेळाने डॉक्टरांना विचारायची, “ही बाई कोण?” नवऱ्याला मात्र ती कधी चुकली नाही. तिचं हृदय थकलेलं होतं. रोज सकाळी गोळ्या पोटात गेल्या तर ठीक. काही दिवस चुकल्या की पाय सुजायचे, छातीत पाणी भरायचं, आडवंसुद्धा पडता यायचं नाही. गोळ्या सिस्टर आणून देत, पण भरवायच्या मास्तरांनीच. त्याचं कारण असं, की रस्त्यावर आल्या आल्या कुणीतरी तिला चहातून काहीतरी पाजलं होतं आणि हातातली बांगडी काढून नेली होती. तेव्हा मास्तरांनी तिला घोकून घोकून शिकवलं, “माझ्या हातचं सोडून कुणाच्या हातचं घ्यायचं नाही.” बाई सगळं विसरली, नेमकं एवढंच विसरली नाही.

थंडी पडली आणि मास्तरांचा हर्निया उसळला. जांघेतला गोळा आधी हाताने आत जायचा, आता जाईना. डॉक्टरांनी तपासलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

“मास्तर, आता चालढकल पुरे. आतडं अडकलं तर खेळ खलास होईल. ऑपरेशन करून घ्या.”

“करतो की,” मास्तर म्हणाले, “पण हिला गोळी कोण देईल?”

“मी देईन,” सिस्टर म्हणाल्या. “रोज येईन.”

“तुमच्या हातची घ्यायची नाही ती.”

“का नाही घ्यायची? भल्याभल्यांना औषध घ्यायला लावलंय मी. एक तर मंत्री होता.”

मास्तर हसले, पण मान हलवतच राहिले. हिलाही इस्पितळात न्या, असं ते म्हणाले. पण पुरुषांच्या वॉर्डात बाईला ठेवून घेत नाहीत, आणि मास्तरीणबाई तर तिकीटखिडकीपासून दहा पावलंही लांब जायला तयार नसायच्या. शेवटी मास्तरांना चांगलीच कळ आली, ते पायरीवर दुमडून बसले, आणि सिस्टरनी त्यांचा हात हातात घेतला.

“मास्तर, तुम्ही गेलात तर तिला गोळी कोण देणार, याचा विचार करा. मी शब्द देते. तुम्ही परत याल तेव्हा ती इथेच, अशीच बसलेली असेल. हिंडती-फिरती. पुढे तुमची गोळी आणि तुम्ही.”

या शब्दावर म्हातारा उठला. बायकोच्या कानाला तोंड लावून ओरडून म्हणाला, “दवाखान्यात जाऊन येतो. जागा सोडू नकोस!” तिने मान डोलावली. मग त्यांनी अंगातला कोट काढला, तिच्या खांद्यावर घातला आणि मागे न बघता न्हाणीघराकडे निघाले.

उजळणं झालं ते तिच्या डोळ्यांआड. उगाच बावरेल म्हणून सिस्टरनीच तसं ठरवलं होतं. न्हाव्याने एवढी दाढी कित्येक वर्षांत उतरवली नव्हती. खाली पडलेले केस बघून तो म्हणाला, “मास्तर, याची उशी होईल की हो!” मास्तरांनी आरशात पाहिलं. हनुवटी एवढीशी निघाली होती, गाल आत गेलेले, ओठाखाली एक जुना व्रण. “हा कोण?” ते म्हणाले, आणि मग स्वतःच हसले. सगळेच हसले. सिस्टर तर म्हणाल्या, “दहा वर्षांनी लहान झालात!”

इस्पितळात ठरल्याप्रमाणे खाट मिळाली. ऑपरेशन झालं. पण म्हाताऱ्याला खोकला होता, टाके ताणले जायचे, म्हणून त्यांना लगेच सोडेनात. इकडे सिस्टर रोज सकाळी टॉकीजवर हजर. आणि रोज मास्तरीणबाईंचं तोंड गच्च मिटलेलं. सिस्टरनी लाडीगोडी लावली, रागावून बघितलं, चहात गोळी विरघळवून बघितली. बाईने चहा सरळ पायरीवर ओतला. बंद पुडा दिला तर स्वतः फोडून बिस्किटं खायची, पण उघडी वस्तू काही केल्या घेईना. पावलं सुजायला लागली. मंत्र्याला औषध पाजणाऱ्या सिस्टर एके दिवशी पायरीवर बसून अक्षरशः रडकुंडीला आल्या. दिलेला शब्द घशात अडकलेल्या काट्यासारखा टोचत होता.

त्या दिवशी गारठाही भयंकर होता. मास्तरीणबाई शालीत गुरफटून बसली होती आणि कोट बाजूला पडला होता. सिस्टरनी कधी नव्हे ते नाक मुरडून का होईना, तो उचलला आणि स्वतःच्या खांद्यांवर घेतला. कसला वास होता त्याला! घाम, विडी, ओला पुठ्ठा, आणि कुठलं तरी जुनं तेल. सिस्टरनी श्वास रोखून गोळी पुढे केली. म्हातारीने त्यांचा हात धरला, बाही नाकाशी नेली, डोळे मिटून हुंगली. आणि तोंड उघडलं.

सिस्टरना आनंदाने ओरडावंसं वाटलं. ओरडल्याच त्या, कारण ऐकायला कोण होतं! त्या दिवसापासून रोज सकाळी फिनेलबाई टॉकीजसमोर रिक्षातून उतरायच्या, जगातला सर्वांत घाणेरडा कोट अंगात घालायच्या आणि म्हातारीला एकेक गोळी भरवायच्या. न्हाव्याने रविवारी हे पाहिलं आणि तो पोट धरून हसला. “सिस्टर, आता तुम्हालाच उजळायला लागणार!” सूज उतरली. डॉक्टरांनी छातीला नळी लावून ऐकलं आणि अंगठा वर केला. त्या थंडीतले तेवढेच काय ते दिवस बरे गेले.

मग निरोप आला की मास्तरांना उद्या सोडतायत.

सिस्टरना काय करू नि काय नको असं झालं. पुठ्ठे बदलले, तिकीटखिडकीखालची फरशी फिनेलने घासली, म्हातारीला नवी शाल दिली. आणि कोट घरी नेला. कशासाठी, विचारा. धुवायला! माणूस एवढं पोट कापून घेऊन येतोय, टाके अजून ओले आहेत, त्याला हा कळकट कोट घालायला द्यायचा? आणि कोटाचा वास तर गोळ्यांपुरता हवा होता. आता खुद्द माणूसच येतोय म्हटल्यावर वासाचं काय घेऊन बसायचं! सिस्टरनी कोट आधी जंतुनाशकात भिजवला, मग उकळत्या पाण्यात घातला, मग मशीनला दोनदा फिरवला. घरी सूनबाई आधी नाकाला पदर लावून उभी होती, पण सासूची लगबग बघून तीही विरघळली. “आई, माझं ते सुवासिक पाणी घालू का थोडं?” तिने विचारलं. घातलं. वाळल्यावर इस्त्री केली, तुटलेलं बटण लावलं. कोट काळा नव्हताच मुळी, करडा होता. सगळ्या घराने तो बघून कौतुक केलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आपल्या गाडीतून मास्तरांना घेऊन आले. सिस्टरनी गाडीपाशीच कोट त्यांच्या अंगात घातला. “अगदी नवरदेव दिसताय,” त्या म्हणाल्या. मास्तर लाजले, जांघेवर हात धरून सावकाश पायऱ्या चढले आणि तिकीटखिडकीसमोर उभे राहिले.

म्हातारीने वर पाहिलं.

“कोण हवंय?” तिने विचारलं.

“अगं, मी,” मास्तर म्हणाले, आणि नेहमीसारखे तिच्या कानाशी वाकले. परका पुरुष एवढा अंगाशी आलेला बघून ती दचकली आणि दोन्ही हातांनी तिने त्यांना मागे ढकललं. मास्तर टाके धरून खाली बसले. सिस्टर पुढे धावल्या, त्यांच्याकडे बोट करून करून सांगू लागल्या, हेच ते, हेच. म्हातारीने एकदा त्या करड्या कोटाकडे पाहिलं, एकदा त्या बोडक्या तोंडाकडे. बाही हुंगली आणि तोंड फिरवलं. “आमचे हे दवाखान्यात गेलेत,” ती कडक आवाजात म्हणाली. “येतीलच आता. तुम्ही जा.”

सिस्टरच्या पायाखालची जमीनच सरकली. आपण काय केलं, हे त्यांना त्या क्षणी लख्ख कळलं. दाढी आपण उतरवली. जो वास उरला होता, तोही आपणच दोनदा मशीनला लावून धुऊन काढला. म्हातारीच्या हातात नवऱ्याची म्हणून जेवढी ओळख होती, तेवढी सगळी आपण साबणाने घासून टाकली. अति तिथे माती म्हणतात, इथे तर माती होती तेच बरं होतं.

“होईल, हळूहळू ओळखेल,” डॉक्टर म्हणाले. डॉक्टरांना दुसरं काय म्हणता येतं?

ओळखलं नाही. मास्तर तिच्यापासून दोन हात लांब, दुसऱ्या पुठ्ठ्यावर बसू लागले. तेवढं तिला चालायचं. त्यांना ती पाहुणे म्हणायला लागली. पाहुणे, थंडी फार आहे. पाहुणे, तुम्ही कुठले? पाहुणे, तुमच्या घरी कोण असतं? मास्तर लांबूनच मोठ्याने उत्तरं द्यायचे, तिला ऐकू यायची नाहीत, तरी ती मान डोलवायची. पण पाहुण्याच्या हातची गोळी घेईना. कशी घेईल? नवऱ्याने सांगून ठेवलं होतं ना.

आता सगळा खेळ एवढ्यावर येऊन ठेपला, की आधी काय होतं. मास्तरांची दाढी वाढते, की म्हातारीच्या छातीत पाणी भरतं. जन्मात कधी नव्हे ते सिस्टर हात जोडून एका माणसाला म्हणाल्या, “मास्तर, आंघोळ करू नका हो.” टाक्यांपुरती जागा त्या स्पिरिटने पुसायच्या आणि बाकीच्या अंगाला पाण्याचा थेंब लागू द्यायच्या नाहीत. मास्तर कोट घालूनच झोपायचे. फरशीवर लोळवायचे त्याला, पुठ्ठ्याखाली दाबून ठेवायचे, विडीचा धूर त्याच्या अस्तरात सोडायचे. डॉक्टरांनी विडी बंद सांगितली होती, पण डॉक्टरांनी तिकडे बघितलं नाही. सिस्टर रोज येऊन मास्तरांच्या गालाकडे बघायच्या. पांढरे खुंट, बस्स. म्हाताऱ्या माणसाची दाढी किती सावकाश वाढते हे कुणाला तरी ठाऊक असतं का?

न्हाव्यालाही काही सुचेना. आपल्याच वस्तऱ्याने हे झालं असं मनाला लावून घेऊन बसला होता. एका रविवारी तो कुठल्याशा नाटकवाल्याकडून खोटी दाढी घेऊन आला. पांढरीशुभ्र, छातीपर्यंत, गोंदाने चिकटवायची. मास्तर नको नको म्हणत होते, पण सिस्टरच म्हणाल्या, “बघू तरी.” बुडत्याला काडीचा आधार. दाढी लावून मास्तर तिच्यासमोर जाऊन बसले. म्हातारी टक लावून बघत राहिली. मग तिला हसू फुटलं. खळखळून, तोंडावर शाल धरून हसली, कित्येक महिन्यांत अशी हसली नव्हती. सगळ्यांचे जीव भांड्यात पडले. आणि हसता हसता तिने हात पुढे करून दाढी ओढली, ती हातात आली, आणि तिचा चेहरा बदलला.

“आमच्या ह्यांची थट्टा करता?” ती म्हणाली. “माणूस तिकडे दवाखान्यात पडलाय आणि तुम्ही त्याची सोंगं आणता?” आणि रडायला लागली. मास्तर गालावरचा गोंद खरवडत तसेच बसून राहिले. न्हाव्याने सामान गोळा केलं आणि त्या दिवशी एकाचेही केस न कापता निघून गेला.

पाय पुन्हा सुजले. धाप लागायला लागली. डॉक्टर म्हणाले, आता तिला उचलून इस्पितळात नेण्याशिवाय गत्यंतर नाही. गाडी आणली. दोघांनी तिला धरलं तर तिने तिकीटखिडकीची जाळी दोन्ही हातांनी पकडली आणि असा टाहो फोडला की रस्त्यावरची माणसं थांबली. “जागा सोडू नकोस म्हणून सांगून गेलेत हो! जागा सोडू नकोस म्हणालेत!” जाळीच्या तारेने बोटं कापली, ओठ निळे पडले, श्वास पुरेना.

“सोडा तिला,” मास्तर म्हणाले.

“मास्तर, ही इथे मरेल,” डॉक्टर म्हणाले.

“आणि तिथे नेईपर्यंत? बघा की तिच्याकडे. असं ओढून नेलंत तर वाटेतच जाईल, अनोळखी माणसांच्या हातात. सोडा.”

डॉक्टरांनी नाडी बघितली आणि हात काढून घेतले. सिस्टरनी बोटांना पट्टी बांधायचा प्रयत्न केला, तर तीही तिने करू दिली नाही.

त्यानंतर एका दुपारी, ऊन जरासं पायऱ्यांवर आलेलं असताना, आशा वाटावी असं काहीतरी झालं. मास्तरांच्या गालांवर एव्हाना नखभर पांढरं उगवलं होतं. कोटही पुन्हा काळवंडला होता. सिस्टर म्हातारीचे पाय उशीवर ठेवत होत्या. वारा मास्तरांकडून आला, आणि म्हातारीने मान वर केली. नाक फुललं तिचं. “अगंबाई,” ती पुटपुटली. मग हात पुढे करून तिने मास्तरांची बाही धरली, ओढून नाकाशी नेली. सिस्टरनी श्वास रोखला. मास्तरांनी तर डोळेच मिटले.

“हा कोट तुम्ही कुठून उचललात?” म्हातारी म्हणाली.

मास्तरांनी डोळे उघडले.

“आमच्या ह्यांचा कोट आहे हा. त्यांच्या अंगावरचा. कुठे आहेत ते? काय केलंत तुम्ही त्यांना?” तिला धड श्वास घेता येत नव्हता, तरी ती बाही सोडत नव्हती. “पाहुणे पाहुणे म्हणून बसू दिलं मी तुम्हाला. चोर! चोर आहात तुम्ही!”

वास परत आला होता, पण चेहरा मागे राहिला होता. सिस्टरना वाटलं, आता हा म्हातारा कोसळेल. पण मास्तरांनी सावकाश कोट काढला, घडी केली आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला. मग लांबूनच, जितक्या मोठ्याने ओरडता येईल तितक्या मोठ्याने म्हणाले, “त्यांनीच पाठवलाय! तुम्हाला थंडी वाजते म्हणून!”

ऐकू गेलं असावं, किंवा कोट हातात आला म्हणून असेल. ती शांत झाली. कोट तिने अंगावर ओढला, कॉलरमध्ये नाक खुपसलं. चेहरा कसा निवल्यासारखा झाला.

“बरे आहेत ना ते?”

मास्तरांनी मान डोलावली.

“ही गोळीही त्यांनीच पाठवलीय!” सिस्टर तिच्या कानाशी ओरडल्या आणि तळहात पुढे केला.

म्हातारीने गोळीकडे पाहिलं आणि समजूतदारपणे त्यांचा हात बाजूला सारला. “ठेवा. ते आले की देतील.” मग मास्तरांकडे वळून म्हणाली, “पाहुणे, रागावू नका हं, चोर म्हणाले ते. तिकडे परत गेलात तर त्यांना एक सांगाल? म्हणावं, मी जागा सोडलेली नाही.”

“सांगतो,” मास्तर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर रिक्षातून उतरल्या तेव्हा म्हातारी कोटात तोंड घालून बसली होती, जाळीला टेकून, बसल्या बसल्याच गेलेली. मास्तर आपल्या पुठ्ठ्यावर, दोन हात लांबच होते. जवळ गेले नव्हते. “आता गेलं तर चालेल का?” त्यांनी सिस्टरना विचारलं. सिस्टर तिथेच पायरीवर बसल्या आणि हुंदके देऊन रडल्या. हातावर किती माणसं गेली असतील त्यांच्या, पण असं कधी रडल्या नव्हत्या.

न्यायला गाडी आली तेव्हा न्हाव्याने न्हाणीघरातून गरम पाण्याची बादली आणून ठेवली. सिस्टर कोटाच्या बटणाला हात लावायला गेल्या, स्वतःच शिवून लावलेलं बटण ते, आणि थांबल्या. “नको,” त्या म्हणाल्या. “आहे तशी जाऊ दे.” फिनेलबाईंनी कुणाला न धुता, न पुसता जाऊ दिल्याची तेवढी एकच वेळ. बादलीतलं पाणी तिथेच गार झालं.

रविवारी दवाखाना नेहमीसारखा भरला. रांग असते, माणसं असतात, थांबून कसं चालेल? सगळ्यांचं उरकल्यावर मास्तर उठले आणि न्हाव्यासमोरच्या स्टुलावर येऊन बसले. दाढी आता चांगली दिसण्याइतकी झाली होती. सदऱ्यावर कोट नव्हता, म्हणून ते अर्धेच वाटत होते.

“कडा नीट करून देऊ का, मास्तर?” न्हाव्याने चाचरत विचारलं.

“सगळी काढा.”

“राहू द्या हो,” सिस्टर म्हणाल्या. “आत्ता कुठे वाढतेय.”

“ठेवून काय करू, सिस्टर? ओळखणारी गेली. आता काय, तोंड कसंही असलं तरी चालतं.”

न्हाव्याने सिस्टरकडे पाहिलं. पाणी समोर होतं, साबण सिस्टरच्या हातात होता आणि तो काही त्यांच्याच्याने पुढे करवेना. शेवटी मास्तरांनीच हात लांब करून त्यांच्या हातातून साबण घेतला, पाण्यात बुडवला आणि स्वतःच गालांना फेस लावायला सुरुवात केली.